ग्राफिक्स कार्ड : घेऊ की थांबू?

कॉलेज सुटल्यावर तळेगावहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. कामशेत येईपर्यंत दोन विषय हमखास कानावर पडतात. एक सबमिशनचा, दुसरा पीसीचा. ‘५०६० घेऊ की ५०६० टीआय?’ ‘अरे थांब, पुढची सीरिज येईल, मग याचा भाव पडेल.’ ‘सेकंडहँड ३०६० मिळतंय, बघायचं का?’ मळवली मागे पडतं, लोणावळा येतं, उत्तर काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चर्चा.

मित्रांनो, हा गोंधळ तुमच्या पिढीचा एकट्याचा नाही. दहा वर्षांपूर्वी याच डब्यात ‘१०५० टीआय की १०६०?’ असं चाललेलं असायचं. कार्डांची नावं बदलली, प्रश्न तोच राहिला. आणि त्यामागची भीतीही तीच : आज घरचे एवढे पैसे घातले आणि सहा महिन्यांत कार्ड जुनं झालं तर?

आमचं म्हणणं सरळ आहे. पुढचं तंत्रज्ञान काय येणार याचा अंदाज बांधत बसू नका. तुमच्या टेबलावरचा मॉनिटर, तुम्ही खरंच खेळता ते गेम आणि घरातून निघू शकणारा पैसा, या तीन गोष्टी तुम्हाला आजच माहीत आहेत. निर्णय त्यांच्यावर घ्या.

कार्ड जुनं कधी होतं?

नवं मॉडेल बाजारात आलं की आपलं कार्ड जुनं झालं, असं वाटतं. तसं असतं तर या धंद्यात कुणाचंच कार्ड दोन वर्षांवर टिकलं नसतं. एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ आणलं तेव्हापासून दर दोनेक वर्षांनी नवी पिढी येतेच आहे. २०१८ मध्ये आरटीएक्स २० सीरिज आली आणि रे ट्रेसिंग हा शब्द आपल्या तोंडी बसला. मग २०२० मध्ये ३० सीरिज, २०२२ मध्ये ४० आणि २०२५ च्या जानेवारीत ५० सीरिज. तिकडे एएमडीचं आरएक्स ९०७० मार्च २०२५ मध्ये आलं. इंटेलनेही डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० आणून आपली तिसरी चूल पेटती ठेवली.

आता दुसरी बाजू बघा. जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१६ मधलं. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर देणं थांबवलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे ज्याने तेव्हा घेतलं, त्याला नऊ वर्षं मिळाली. शेवटची काही वर्षं सेटिंग खाली आणून खेळावं लागलं असेल, पण खेळता आलं. मधल्या काळात चार नव्या पिढ्या येऊन गेल्या, त्याचं काही बिघडलं नाही.

कार्ड खरंच जुनं होतं ते तुम्हाला हवा असलेला गेम ते चालवायला नकार देतं तेव्हा. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा डिसेंबर २०२४ चा आणि ‘डूम : द डार्क एजेस’ हा मे २०२५ चा गेम, दोन्हींना रे ट्रेसिंगची सोय असलेलंच कार्ड लागतं. १०६० तिथे संपलं. पण तुमचा सगळा वेळ व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जात असेल, तर ही रेघ तुमच्यापासून अजून बरीच लांब आहे.

आणखी एक गंमत. तंत्रज्ञान बदललं की जुन्या कार्डाचं दरवेळी नुकसानच होतं असं नाही. कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करून ते मोठं आणि स्वच्छ करून दाखवायचं, हे डीएलएसएसचं काम. त्याची २०२५ मधली सुधारित आवृत्ती २०१८ च्या आरटीएक्स कार्डांवरही चालते. सात वर्षं जुन्या कार्डाचं चित्र फुकटात सुधारलं. एएमडीने मात्र आपलं एफएसआर ४ आणताना ते नव्या ९००० सीरिजपुरतंच ठेवलं. म्हणजे पुढे काय मिळेल हे आपल्या हातात नाही. आज जे मिळतंय त्याच्यावर समाधान असेल तरच पैसे काढा.

मग थांबायचंच नाही का?

थांबायचं, पण कारण असेल तर. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या मायनिंगसाठी कार्डं उचलली जात होती, कोविडमुळे पुरवठा तुटला होता. जगभर कार्डं छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. त्या वेळी जे थांबले ते शहाणे ठरले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग बंद झालं आणि सेकंडहँड बाजारात कार्डांचा ढीग लागला.

२०२५ च्या अखेरीस वेगळीच कथा सुरू झाली. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप हव्यात, त्यामुळे तुमच्या-आमच्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशिअल’ हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते. अशा काळात ‘थांबलं की स्वस्त होतं’ हा नियम लागू पडेलच असं नाही.

म्हणून थांबायचा हिशोब असा ठेवा. नव्या कार्डाची तारीख कंपनीने जाहीर केली असेल, तर महिना-दीड महिना थांबा. कार्ड त्याच्या मूळ किमतीच्या फार वर विकलं जात असेल, तरी थांबा. नुसतं कुणीतरी सांगितलं म्हणून थांबू नका, कारण तसं सांगणारं कुणीतरी कायमच असतं.

भाव कुठे ठरतो?

‘अमेरिकेत २९९ डॉलरला आहे, इथे दुकानदार लुटतोय’ असं म्हणण्याआधी वहीत गणित मांडा. आरटीएक्स ५०६० ची जाहीर किंमत २९९ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर २६ हजार ३०० रुपये होतात. अमेरिकेतली ती किंमत कर सोडून असते. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे झाले ३१ हजार. त्यात आयात करणारा, वाहतूक आणि दुकानदार यांचा वाटा मिळवा. या आकड्याच्या थोडं वर सांगितलं तर तो बाजारभाव. फारच वर सांगितलं तर पुढचं दुकान गाठा. आणि फारच खाली सांगितलं तर जास्त सावध व्हा.

मावळात बसून या भावाकडे बघताना एक आठवण येतेच. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेल्याचं जाहीर झालं आणि किती गदारोळ झाला, ते तुम्ही तेव्हा शाळेत असलात तरी ऐकलं असेल. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. तो कारखाना इथे उभा राहिला असता तरी त्यातून गेमिंगची अतिप्रगत चिप निघणार नव्हती. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल ही डब्यावरची तीन नावं असली, तरी त्यांच्या आजच्या गेमिंग कार्डांमधली मुख्य चिप तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीकडे बनते. हो, इंटेलच्या आर्कचीसुद्धा.

आणि त्या कंपन्यांच्या रांगेत आपण पुढे नाही. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची कमाई सुमारे १३० अब्ज डॉलर होती. त्यात गेमिंगचा वाटा ११ अब्जांच्या आसपास आणि डेटा सेंटरचा ११५ अब्जांचा. आपल्यासाठी स्वस्त कार्ड बनवण्याची घाई कुणाला असेल, हे यावरून ओळखा. म्हणून कंपनीच्या प्रेमात पडून भांडू नका. जिचं कार्ड आपल्या पैशात जास्त देतंय, तिचं घ्या.

मॉनिटरपासून सुरुवात करा

फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २१ लाख ठिपके असतात. १४४० पी म्हटलं की ३७ लाख, फोर के म्हटलं की ८३ लाख. कार्डाला दर फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचे असतात. मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला १५० फ्रेम काढणाऱ्या कार्डाची बहुतेक मेहनत तुम्हाला दिसणारच नाही. त्यापेक्षा तोच पैसा थोडा मॉनिटरवर घाला.

फक्त व्हॅलोरंटसारखे गेम खेळायचे असतील आणि बजेट तंग असेल, तर आज कार्ड घेऊच नका. रायझन ५६००जी किंवा ८६००जी सारख्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्या कामाला पुरतात. मदरबोर्ड आणि एसएमपीएस चांगले घ्या, कार्डाची जागा मोकळी ठेवा. वर्षभराने हातात पैसे आले की कार्ड बसवता येतं.

फुल एचडीवर मोठे गेम खेळायचे असतील तर आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी, आर्क बी५८० हा तुमचा वर्ग. इथे मेमरीकडे नीट बघा. गेममधल्या भिंती, झाडं, चेहरे यांची चित्रं कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागतात. जागा संपली की कार्ड रॅमकडे हात पसरतं आणि गेम अडखळतो. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीची कार्डं धापा टाकत होती, पुढे सुधारणा आल्यावर परिस्थिती निवळली. ८ जीबी आज चालतं, पण सेटिंग खाली आणायची तयारी ठेवून. बी५८० ला १२ जीबी आहे. ९०६० एक्सटी १६ जीबीमध्येही मिळतं आणि त्याच्या दोन प्रकारांच्या जाहीर किमतीत फरक ५० डॉलरचा आहे. पाच वर्षं वापरायचं असेल तर ते ५० डॉलर घालण्यासारखे आहेत.

जुन्या पीसीत नवं कार्ड बसवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. बी५८० ला मदरबोर्डवर ‘रिसायझेबल बार’ची सोय लागते आणि जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा जोर कमी पडतो. ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं पीसीआयच्या १६ पैकी ८ च मार्गिका वापरतात. मदरबोर्ड जुन्या पीसीआय ३.० चा असेल तर मेमरी भरल्यावर त्यांची दमछाक जास्त होते.

एक नाव, दोन माल

या धंद्यात सर्वांत जास्त फसगत नावावरून होते. ५०६० टीआय ८ जीबीत आहे आणि १६ जीबीतही. ९०६० एक्सटीचं तेच. सेकंडहँड बाजारातलं लाडकं आरटीएक्स ३०६० बहुतेकांना १२ जीबीचं म्हणून माहीत असतं, पण त्याचा ८ जीबीचा हळू प्रकारही निघाला होता. मॉडेलचं नाव सांगून भाव विचारू नका, मेमरीसकट पूर्ण नाव सांगा आणि बिलावर तेच लिहून घ्या.

होस्टेलवर किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांना लॅपटॉपच सोयीचा, हे मान्य. पण तिथे नावाचा अर्थ बदलतो. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०७० हे १२ जीबीचं, लॅपटॉपमधलं ४०७० हे ८ जीबीचं. शिवाय लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॉटवर चालतं की ११५ वॉटवर, हे तो लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. स्टिकर एकच, ताकद निराळी. वॉटचा आकडा विचारल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका.

जाहिरातीतले आकडेही असेच वाचा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देतं असं सांगितलं. त्यात एआयने मध्ये घातलेल्या फ्रेम मोजल्या होत्या. त्याने चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं. पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद द्यायला जो वेळ घेतो, तो त्याने कमी होत नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ही सोय छान. समोरच्याच्या आधी गोळी झाडायची असेल तर तिचा उपयोग नाही.

आपला पाऊस, आपली लाइट

परदेशी रिव्ह्यू बघून कार्ड निवडणाऱ्यांना मावळचा जुलै माहीत नसतो. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते आपल्याच घाटमाथ्यावर अडवलेल्या पाण्यावर. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आणि त्याच पावसात आपल्या घरातली लाइट संध्याकाळी किती वेळा लपंडाव खेळते, ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून सगळं बजेट कार्डात ओतू नका. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ३० हजारांचं कार्ड टांगणं म्हणजे कच्च्या दोरीवर पाळणा बांधणं. ५०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. तो नामांकित कंपनीचा, वॉरंटीचा घ्या. यूपीएसचंही बघा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॉटच लिहिलेलं असतं. ५०६० एकटं १४५ वॉट घेतं, बी५८० तर १९०. त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर मिळवा. गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता वेळ मिळाला पाहिजे, एवढी ताकद यूपीएसमध्ये हवी.

बिलाचा हिशोब अवघड नाही. पूर्ण पीसी ३०० वॉट घेत असेल आणि तुम्ही रोज तीन तास खेळलात, तर महिन्याला २७ युनिट. घरचा वापर आधीच १०० युनिटच्या आसपास असेल, तर ही भर तुम्हाला वरच्या दरात नेते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आणि हो, लोणावळ्याच्या दमट हवेत कॅबिनेट जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेला पीसी कोरडा राहतो.

बाजारात गेल्यावर

बुधवार पेठ असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पक्कं बिल घेतल्याशिवाय नवं कार्ड उचलू नका. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हे ऐकायला गोड लागतं. पण कार्ड बिघडलं की सर्व्हिस सेंटरला आधी बिल आणि सीरियल नंबरच दाखवावा लागतो.

सेकंडहँड घेणं वाईट नाही, डोळे मिटून घेणं वाईट. कार्ड पीसीत लावून, गेम चालवून दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. ‘जीपीयू-झेड’ हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर सोबत न्या. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचं नाव चढवून विकलेली कित्येक बनावट कार्डं ते ओळखतं. आरएक्स ५८० घेत असाल तर ‘२०४८ एसपी’ हा शब्द शोधा. त्या नावाखालचं कार्ड मूळ ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे. वीस मिनिटं एखादा जड गेम चालवा, तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका, वॉरंटी किती उरली ते विचारा.

घरी खरं सांगा

आता मुद्द्याचं. बहुतेक घरांत कार्डाची मागणी ‘इंजिनीअरिंगला लागतं’ या वाक्याने सुरू होते. कुणाचे वडील तळेगाव-चाकणच्या कंपनीत शिफ्ट करतात, कुणाचं चिक्कीचं दुकान आहे, कुणाच्या घरचा पैसा पॉलिहाउसमधल्या गुलाबावर आणि खाचरातल्या भातावर येतो. त्यांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे माहीत नाही, पण अभ्यास म्हणजे काय हे माहीत आहे. त्या एका शब्दावर ते सोनं गहाण ठेवायलाही तयार होतात. त्यांच्या या विश्वासाचा फायदा घेऊ नका.

खरं एवढंच आहे की प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलना वेगळं कार्ड लागत नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम, गेम बनवणं, मशीन लर्निंग यांना ते उपयोगी पडतं आणि तिथे एनव्हिडियाचं पारडं अजून जड आहे, कारण बरीच साधनं तिच्या ‘कूडा’वर चालतात. ते काम खरंच करत असाल तर तसं सांगा. नुसतं शिकून बघायचं असेल, तर गुगलच्या कोलॅबवर मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो. तिथे दोन महिने टिकलात, तर मागणीला वजन येईल.

आणि गेमिंगसाठी हवं असेल तर ‘गेमिंगसाठी हवंय’ म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणी क्रिकेटचं किट मागतं, कुणी गिटार. फरक एवढाच की छंदासाठी मागितलेल्या पैशाला मर्यादा असते आणि अभ्यासाच्या नावाने मागितलेल्या पैशाला घरचे मर्यादा घालत नाहीत. मर्यादा आपणच घालायची. सुट्टीतल्या कामाचे, स्टायपेंडचे पैसे त्यात टाका. पीसी घरात आला की धाकट्या बहिणीचाही त्यावर हक्क आहे, हे आधीच ठरवा.

दुकानात जायच्या आदल्या रात्री एका कागदावर चार ओळी लिहा : माझा मॉनिटर कोणता, गेल्या सहा महिन्यांत मी खेळलेले गेम कोणते, माझा एसएमपीएस किती वॉटचा, आणि कार्डासाठी घरात कुणालाही न ताणता निघणारी रक्कम किती. तो कागद दुकानदाराला दाखवा, मित्राला दाखवा, आईलाही दाखवा. त्यात बसणारं कार्ड घ्या. मग पुढची तीन वर्षं कार्डांचे भाव बघणं बंद करा आणि तो वेळ खेळण्यात घाला.